आखूड कानाची मेंढी

३ जून

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे तुझा दादा, मी आणि मेंढ्या. फोन करायला घेतला की तुझा दादा शेजारी येऊन उभा राहतो आणि स्पीकर लावायला लावतो. मग नणंद-भावजयींनी एकमेकींशी बोलायचं काय? म्हणून म्हटलं, कागदच बरा, तो मध्ये बोलत नाही.

धुरकट आठवते ना, ती राखाडी तोंडाची? तू सुट्टीत आली होतीस तेव्हा तिने तुझी ओढणी खाल्ली होती. दोन हंगाम झाले, ती माजावरच येत नाही. मेंढा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आणि आपल्याकडचा नियम तुला माहीत आहे, दोन हंगाम रिकामी गेलेली मेंढी गाडीत चढते. नियम बरोबरच आहे, भाकड जनावर किती दिवस पोसायचं? हाच नियम घरातल्या माणसांना लावला असता तर मी केव्हाच गाडीत बसले असते, असं एकदा तुझ्या दादाला गमतीत म्हटलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आता असल्या गमती मी करत नाही.

पण धुरकटचं काहीतरी वेगळंच आहे. ती गाभण नाही, व्यायली नाही, आणि तरी कासेत दूध आहे. शिवाय फाटकातून जाताना खांबाला आपटते. समोरचा चारा दिसतो, बाजूला उभी असलेली मेंढी दिसत नाही. जनावरांचा डॉक्टर आला, त्याने कास दाबली, पोट दाबलं, हात धुतले आणि म्हणाला, काढून टाका. त्याने तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही.

तू दिवसभर जनावरांच्या मेंदूखालची ती वाटाण्याएवढी ग्रंथी घेऊन बसलेली असतेस. माज, गाभ, दूध, सगळ्याचा हुकूम तिथूनच सुटतो, असं तूच मला सांगितलं होतंस. मूर्ती लहान पण कीर्ती महान. तर मग शास्त्रज्ञबाई, आमच्या धुरकटचा हुकूम कुठे अडकला ते सांगा.

तुझी वहिनी

१२ जून

प्रिय वहिनी,

तुझं पत्र प्रयोगशाळेच्या पत्त्यावर आलं आणि सगळ्यांनी ते हातात घेऊन पाहिलं. मला कुणीतरी पत्र लिहितं याचंच इथे नवल वाटलं.

धुरकटबद्दल वाचून मी ताठ बसले. पण आधी एक वाईट गोष्ट सांगते. ती ग्रंथी जिवंत जनावरात बघायची सोय आमच्याकडे नाही. मी करते काय, तर पहाटे कत्तलखान्यात जाऊन बसते. तिथे डोकी येतात. कवटी कापायची, मेंदू उचलायचा, त्याच्याखाली हाडाच्या खोबणीत ती ग्रंथी बसलेली असते, ती चिमट्याने अलगद काढून बर्फात ठेवायची. उशीर झाला की तिच्यातलं आम्हाला हवं ते सगळं नासतं. परतताना बसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही. वास येत असणार.

आम्ही शोधतोय काय ते सोप्या शब्दांत सांगते. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. कुठलं जनुक कधी बोलतं आणि कधी गप्प बसतं, यावर सगळा खेळ. त्या ग्रंथीत 'वाढा, वाढा' असं सांगणारं एक जनुक आहे. त्याचा निरोप मधल्या मध्ये अडवणारा एक अगदी बारीक धागाही तिथे असतो. तो असतो तोवर पेशी गरजेपुरत्या वाढतात. माझं म्हणणं, तो कमी झाला की पेशींना आवर राहत नाही आणि मेंढी वांझ होते. सर म्हणतात, कागदावर सगळं छान आहे, आता खरं जनावर दाखव. मार्चमध्ये माझी इथली मुदत संपते. तोवर दाखवता आलं नाही तर मला गाशा गुंडाळावा लागेल.

दादा तिला काढणारच असेल, तर तिचं डोकं मला पाठव. गर्भाची पिशवीही हवी. डबा आणि माणूस मी पाठवते.

तुझी धाकटी

२८ जून

प्रिय धाकटे,

तुझा माणूस काल डबा घेऊन गेला, एव्हाना तुला मिळाला असेल. आदल्या संध्याकाळी मी धुरकटला पोटभर खायला घातलं. तुझा दादा म्हणाला, तू आत जा, बघू नकोस. मी गेले नाही. माझ्या हातावर वाढलेली, तिच्या शेवटाला मी पाठ फिरवली असती तर ते बरं दिसलं नसतं. बर्फ मीच भरला.

तुझ्या दादाला वाटतं मी मेंढ्यांत उगाच जीव गुंतवते. त्याला काय सांगायचं? ज्या घरात पोर नाही त्या घरात जीव कुठेतरी गुंतणारच. आम्ही तो विषय दहा वर्षांपूर्वी बंद केला. आता कुठल्याही डॉक्टरच्या टेबलावर पाय दुमडून झोपायचं नाही, असं मी त्याला सांगितलं आणि त्यानेही ऐकलं. तेवढी शहाणी माणसं आहोत आम्ही.

डोकं फार दुखतं हल्ली, म्हणून इथेच थांबते. काय सापडलं ते मात्र कळव, चांगलं असो की वाईट.

तुझी वहिनी

२० जुलै

प्रिय वहिनी,

सापडलं. इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण सगळं दोनदा तपासत होते.

धुरकटची ग्रंथी वाटाण्याएवढी नव्हतीच. चांगली पावट्याएवढी होती, खोबणीतून वर आलेली. तिच्यातल्या दुधाचा हुकूम सोडणाऱ्या पेशी बेसुमार वाढल्या होत्या. आणि तो आवर घालणारा धागा जवळजवळ नव्हताच. माझं म्हणणं खरं निघालं, वहिनी. मी टेबलाशी बसून रडले, सरांनी मला चहा करून दिला.

आता तू विचारलेलं सगळं जुळतं. दुधाचा हुकूम सतत सुटत राहिला म्हणून न व्याता दूध. त्यानेच माजाचा हुकूम दाबून टाकला. आणि त्या ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. गाठ वर आली की त्या नसांवर दाब येतो आणि दोन्हीकडच्या कडा दिसेनाशा होतात. म्हणून ती खांबाला आपटायची. तिचं डोकंही दुखत असणार, पण मेंढी काय सांगणार?

सर म्हणतात एका मेंढीवरून काही सिद्ध होत नाही. दुसरी अशी मिळाली तर मात्र गोष्ट वेगळी. तुझ्या कळपावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेव. दूध आहे, माज नाही, आणि बाजूला आपटते, अशी कुणी दिसली तर पहिलं मला कळव.

तुझी (आज फार खूश असलेली) धाकटी

३० जुलै

प्रिय धाकटे,

तुझं पत्र मी तीन-चारदा वाचलं. तुझं अभिनंदन. तू लहानपणापासून हट्टी, सरांना नमवणार हे ठरलेलंच होतं.

आणखी एक आहे. आखूड कानाची. तू तिला पाहिलंस पण तुझ्या लक्षात नसेल, ती कळपाच्या मागे मागे राहते. धुरकटपेक्षा वयाने बरीच मोठी. कधीच व्यायली नाही. दूध पहिल्यांदा आलं त्याला वर्ष होऊन गेलं असेल, ती कुणाला कळू देत नाही. दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. डावीकडून कुणी आलं की दचकते. दुपारी भिंतीला कपाळ टेकून उभी राहते, थंड लागतं म्हणून असेल.

मला एवढंच सांग, हे पुढे कुठवर जातं? दुखणं वाढतं का? आणि यावर काही उपाय असतो का? मेंढी म्हणून नव्हे, कुठल्याही जिवाला हे झालं तर, असं विचारतेय.

तुझ्या दादाला यातलं काही बोलू नकोस. तो लगेच तिला घेऊन जाईल, आणि तिला जायचं नाही.

तुझी वहिनी

८ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

तू देवासारखी धावून आलीस. सरांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना, एकाच कळपात दोन! आखूड कानाची मला खरंच आठवत नाही, पण तिचं वर्णन तू असं केलंस की जनावरांच्या डॉक्टरनेही करू नये.

तू विचारलंस ते सरळ सांगते. उपाय काही नाही. मेंढी असो, गाय असो, म्हैस असो, गत तीच. बाजूचं दिसेनासं झालं म्हणजे गाठ फार पुढे गेली. ती वाढतच जाईल, दुखणंही वाढेल आणि एक दिवस जनावर ठार आंधळं होईल. त्याआधी आपण काही केलेलं बरं. तू हिच्यातही जीव गुंतवून बसली आहेस, कळतंय मला. पण वहिनी, तिला ठेवून तिचे हाल करू नकोस. डबा तयार आहे. या वेळी बर्फ जरा जास्त घाल, मागच्या वेळी कडेचा भाग थोडा नासला होता.

आणि तुझं पत्र बघ जरा. प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलंय, टेबलावर लिहिलंस की काय? चष्मा कर बाई, म्हातारी झालीस.

तुझी धाकटी

२ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

आणखी थोडे दिवस राहू दे तिला. चारा कमीच खाते, कुणाला तिचा त्रास नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत, मग मी विचारणार नाही. तो धागा कमी का होतो? तिचं काही चुकलं असेल का, खाण्यात, वागण्यात? आणि दुसरं, ही गाठ नसती तर तिला कोकरं झाली असती का?

घाई नाही. पण लिही.

तुझी वहिनी

१५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

मेंढीचं काय चुकणार? तू पण कमाल करतेस. धागा का कमी होतो ते कुणालाच नीट माहीत नाही, ते कळलं तर मी कुठल्या कुठे पोचेन. जन्मजात असेल, पुढे कधी बिघडलं असेल. तिच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

कोकरांचं म्हणशील तर, हो, नक्की झाली असती. धुरकटची गर्भाची पिशवी आणि अंडाशय मी स्वतः पाहिले. एकदम निरोगी, कुठे काही खोट नाही. खालचं सगळं जागच्या जागी होतं, वरून हुकूमच पोचला नाही. तुमचा तो डॉक्टर पोट दाबत बसला, त्याने जन्मभर दाबलं असतं तरी त्याला काही सापडलं नसतं.

आता माझं ऐक. सरांनी पुढच्या महिन्यात बैठक ठरवलीय आणि माझ्या मुदतीचा निर्णय तिथेच होणार. आखूड कानाचीची ग्रंथी त्याआधी हातात हवी. ती आपली आपण मेली तर काही उपयोग नाही, ताजीच लागते. एका भाकड मेंढीसाठी तू इतके आढेवेढे घेशील असं वाटलं नव्हतं. रागावू नकोस, पण पाठव.

तुझी धाकटी

२० ऑक्टोबर

दादा,

महिना झाला, वहिनीचं पत्र नाही. फोन केला तर तुझा बंद. रुसली असेल तर तिला सांग, माझी चूक झाली, मी जरा तोडून लिहिलं.

पण माझी अडचण तूही समजून घे. तुमच्या कळपात एक आखूड कानाची मेंढी आहे, बरीच वयस्क, कधी न व्यायलेली. वहिनीला ती काढायची नाहीये. तुझा तर नियमच आहे, मग ही कशी राहिली? तिचं डोकं मला या आठवड्यात हवं. माणूस आणि डबा परवा पाठवतेय. वहिनीची समजूत घाल, तिला बाहेर कुठेतरी ने आणि तेवढ्यात उरकून घे.

धाकटी

२८ ऑक्टोबर

धाकटे,

तुझा माणूस आला होता, त्याला तसाच परत पाठवला. आखूड कानाची मेंढी आपल्याकडे नाही. मी दोन वेळा कळप मोजून बघितला. कधी नव्हतीच.

तुला आधीच कळवायला हवं होतं, पण मला सुचत नव्हतं. तुझी वहिनी इस्पितळात आहे. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी गोठ्यात गेली आणि डोकं धरून खाली बसली. उलट्या झाल्या. मी उचलायला गेलो तर म्हणाली, दिवा का मालवलास. चांगलं ऊन पडलं होतं.

डोक्यात गाठ होती. तू काम करतेस त्याच ग्रंथीची. तिच्यात आतल्या आत रक्त झालं आणि नजर गेली. ऑपरेशन झालं, जीव वाचला. नजर येणार नाही म्हणतात.

इथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अशा गाठी बायकांना होतात, त्यात नवल नाही. यावर एक गोळी असते, आठवड्यातून दोनदा घ्यायची. तिने बहुतेक गाठी आक्रसतात. बाजूचं दिसायचं कमी झालं होतं तेव्हा, पावसाळ्याच्या सुरुवातीला जरी हिला आणली असती, तरी डोळे वाचले असते, म्हणाले. आणि दहा वर्षांपूर्वी कुणी नुसतं रक्त तपासलं असतं तर मूलही झालं असतं. अगदी सहज बोलले, आपण हवामानाबद्दल बोलतो तसं. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो.

मला काहीच कळलं नाही गं. एका खोलीत झोपतो आम्ही. ती चौकटीला आपटायची तेव्हा मी म्हणायचो, बघून चाल. तिला विचारतो, कधीपासून होतं हे? ती म्हणते, नुकतंच झालं असेल, मला काही जाणवलं नाही. माझा विश्वास बसत नाही, पण तिच्यासमोर मी मान हलवतो. मग लक्षात येतं, तिला मान हलवलेली दिसत नाही.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, आखूड कानाच्या मेंढीचं. कुठली गं ही मेंढी, म्हणून विचारलं. तिने हात पुढे करून ते पत्र मागून घेतलं. मग म्हणाली, "तिला लिही, पाठवली म्हणून." औषधांमुळे कधीकधी असं काहीतरी बोलते.

एक विचारतो. तुमची पत्रं चालू होती. तिने तुला कधी काही लिहिलं होतं का, डोक्याचं, डोळ्यांचं? लिहिलं असेल तर सांग. मला राग येणार नाही. उलट बरं वाटेल, की निदान कुणाजवळ तरी ती बोलली, सगळं एकटीने गिळून बसली नाही. मला एवढंच जाणून घ्यायचं आहे.

दादा

२ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र काल मिळालं. हे पत्र तुला मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोचते. रजा घेतली आहे, परत यायचं कधी ते ठरवलेलं नाही. रात्री इस्पितळात मी थांबेन, तू घरी जाऊन झोप. मेंढ्यांकडे कोण बघतंय? कुणी नसेल तर सकाळचं मी करेन, मला जमेल तसं.

गोळीचं डॉक्टर म्हणाले ते खरं आहे. या कामात असणाऱ्या सगळ्यांना ती माहीत असते. उरलेली गाठ वाढू नये म्हणून अजूनही देतील, ती चुकवू देऊ नकोस.

तू विचारलंस त्याचं उत्तर काल रात्रीपासून लिहितेय आणि फाडतेय. नाही दादा. वहिनीने मला स्वतःबद्दल कधीच काही लिहिलं नाही. आमच्या पत्रांत नुसत्या मेंढ्या असायच्या. आखूड कानाचीचं म्हणशील तर माझाच काहीतरी घोटाळा झाला, दुसऱ्या कुणाच्या कळपातली असेल. तू आता ती शोधू नकोस.

हे पत्र वहिनीला वाचून दाखवू नकोस.

धाकटी